हेन्याच्या हातचं

"ही पेटी परत," हेन्या म्हणाली आणि तिने स्ट्रॉबेरी दिव्यासमोरून बाजूला केली.

आचाऱ्याने कपाळाला हात लावला. "सगळी पेटी? बाई, मला तर एकही किडा दिसत नाही."

"तुला दिसायला लागले तर माझी नोकरी जाईल रे. मावा आहे आत. परत कर."

ग्दान्स्कच्या धक्क्यावर चढवलेल्या सात पेट्यांपैकी पाच अशा परत गेल्या. मी शेजारच्या ओट्यावर पावाच्या वेण्या घालत होते आणि हसत होते. आम्ही दोघी अँटवर्पच्या, एकाच गल्लीतल्या. अशा कोशर सफरींवर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे जेवण देणाऱ्या बोटींवर, मी भट्टी सांभाळते आणि हेन्या बाकी सगळं. कोबीचं पान न् पान ती दिव्यावर धरते. अंडी एकेक करून काचेच्या पेल्यात फोडते, रक्ताचा ठिपका दिसला की फेकते. सकाळी शेगड्याही तीच पेटवते. एकवीस वर्षं हेच काम. नवरा लवकर गेला, पोरगी याच कामावर वाढवली. तिची सही असलेला कागद जेवणघराच्या दाराशी लागला की दोनशे ऐंशी माणसं डोळे मिटून जेवायला बसतात.

यंदा तिने सफरीच्या मालकाकडे पगाराऐवजी एक केबिन मागून घेतली होती. शिफ्रासाठी. शिफ्रा तिची एकुलती एक, दोन वर्षांपूर्वी लग्न झालेली. जावई लीबिश दिवसभर धर्मग्रंथात डोकं घालून बसणारा, घराणं फार सोवळं. "पोरीने अजून समुद्र पाहिला नाही गं गित्ता," हेन्या मला महिनाभर ऐकवत होती. हॅम्बर्गला बोट सुटली तेव्हा तिचा चेहरा असा होता, जणू बोट तिच्याच मालकीची आहे.

पण शिफ्राला पहिल्याच दिवशी बोट लागली. जेवणघरात ती आलीच नाही. हेन्या दोन्ही वेळा बार्लीचं सूप घेऊन चौथ्या मजल्यावर जायची आणि रिकामा वाडगा मिरवत परत यायची. "बघ, चाटून पुसून संपवलंय. माझ्या हातचं तिला पचतं."

मँचेस्टरच्या हाल्पर्नबाईंच्या नजरेतून मात्र काही सुटत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला भट्टीशी गाठलं. "काय हो, तपासनीसबाईंची लेक जेवणघरात दिसत नाही ती?"

"बोट लागलीय हो तिला."

"अस्सं? काल कोपनहेगनच्या फोटोंत तर चांगली टुणटुणीत दिसली. मी काही म्हणत नाही हं. पण जिची आई स्वयंपाकघर तपासते तीच जेवत नसेल, तर आपण आपलं उकडलेल्या अंड्यांवर राहिलेलं बरं."

त्या काही म्हणत नव्हत्या, आणि संध्याकाळपर्यंत अख्खी बोट तेच म्हणत होती. रात्रीच्या जेवणाला चाळीस ताटं हात न लावता परत आली. मालकाने हेन्याला बोलावून घेतलं. "शुक्रवारी रात्री शब्बाथच्या पवित्र जेवणाला लेक टेबलावर दिसली पाहिजे, हेन्याबाई. तुमच्या नावावर लोक बसतात. नावच गेलं तर मी तुम्हाला कशासाठी आणू?"

"येईल की! बरी झाली की येईल," हेन्या म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

रिगाला सगळे प्रवासी जुनं शहर बघायला उतरले. शिफ्रा आणि लीबिशसुद्धा. तासाभराने बोटीवरचा प्लंबर स्वयंपाकघरात आला. त्याच्या हातात बादली होती. "चारशे बारा नंबरच्या केबिनचं संडास तुंबलंय. हे बघा काय निघालं."

बादलीत बार्ली होती. फुगलेली, शेरभर तरी. मधूनमधून गाजराच्या चकत्या. त्या चकत्या हेन्या स्वतः कापते, जाड आणि तिरक्या. तिला ओळखायला वेळ लागला नाही.

आम्ही वर शिफ्राच्या केबिनमध्ये गेलो. प्लंबरने पलंग बाजूला ओढला होता, आणि खाली एक खोकं होतं. माशाचे डबे, बिस्किटं, दोन-दोन वेष्टनांत बंद केलेली जेवणं. प्रत्येकावर लीबिशच्या रब्बींचा, म्हणजे धर्मगुरूंचा, शिक्का. निम्मी संपलेली. हेन्याने काही हलवलं नाही. खोकं होतं तसं आत सरकवलं आणि खुर्चीवर बसून राहिली. मीही बसले. तिला एकटं सोडून कुठे जाणार होते?

पाच वाजता शिफ्रा आली. उन्हाने गाल लाल झालेले. आईला बघून लगेच चेहरा पाडला.

"बरं वाटतंय का?" हेन्याने विचारलं.

"थोडंसं, आई."

"सकाळचं सूप प्यायलीस?"

"हो. छान होतं."

"बार्ली शिजली होती नीट?"

"अगदी मऊ."

"प्लंबरही तेच म्हणाला."

शिफ्राने पलंगाकडे बघितलं आणि रडायलाच लागली. "आई, तुझ्यावर नाही गं शंका! पण लीबिशचे रब्बी बोटीवरचं स्वयंपाकघर मानत नाहीत. मी काय करू?"

"न मानू देत. ते रब्बी आहेत. तू मला पहिल्या दिवशी सांगायचंस."

"तुला वाईट वाटलं असतं."

"म्हणून संडासात ओतलंस?"

मला वाटलं, झालं, आता मिटेल. पण हेन्या मनात हळूहळू काहीतरी जुळवत होती.

"शिफ्रे, आणि घरी?"

"घरी काय?"

"दर शब्बाथला येताना तू कागदी ताटल्या आणतेस. 'आई, तुला भांडी घासायला नकोत' म्हणतेस. जेवणही करून आणतेस. 'तू दमतेस आई, बस.'"

शिफ्राने मान खाली घातली. "तू या असल्या स्वयंपाकघरांत खातेस ना... तर रब्बी म्हणाले, घरची भांडीपण..."

दोन वर्षं! दोन वर्षं या बाईने बाजारात, प्रार्थनागृहाच्या पायरीवर, माझ्या दारात उभं राहून त्या कागदी ताटल्यांचं कौतुक सांगितलं होतं. अशी लेक कोणाला मिळते म्हणून. आणि पोरीने ताकास तूर लागू दिली नव्हती. मला तिचा इतका संताप आला की हात शिवशिवले. हेन्या मात्र आवाज न चढवता उठली.

"उद्या रात्री टेबलावर ये. एक घास खा, लोकांसमोर. फक्त एक. परत कधी मागणार नाही."

"लीबिशला विचारते."

"विचार," हेन्या म्हणाली.

शुक्रवारी बोट टॅलिनला लागली होती. तिकडे जुलैत रात्री दहापर्यंत दिवस मावळत नाही, जेवणघरभर ऊन होतं. शिफ्रा आली. निळा झगा, डोक्याला रेशमी रुमाल, शेजारी लीबिश ताठ बसलेला. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होतो. माशाचे गोळे वाढले गेले, प्रत्येकावर गाजराची चकती. कोणी काटा उचलेना. हाल्पर्नबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला.

शिफ्राने नवऱ्याकडे बघितलं. मग एक तुकडा तोडला, तोंडात घातला. जबडा दोन-तीनदा हलवला. नॅपकिन उचलून ओठ टिपले आणि नॅपकिन मांडीवर ठेवला.

हाल्पर्नबाई मान डोलावून जेवायला लागल्या. मागोमाग सगळं जेवणघर. काट्यांचा आवाज सुरू झाला. "चला, सुटलो," मी पुटपुटले आणि हेन्याकडे वळले. ती शिफ्राच्या मांडीकडे बघत होती.

ती टेबलांमधून चालत गेली. वाटेत कोणी तरी म्हणालं, "मासा फार सुरेख हं, हेन्याबाई," तर तिने थांबून आभार मानले. शिफ्राजवळ जाऊन वाकली. "दे तो नॅपकिन, झग्याला डाग पडेल. दुसरा देते." शिफ्राचा चेहरा पांढराफटक पडला, पण तिने तो दिला. हेन्याने स्वच्छ नॅपकिन तिच्या मांडीवर पसरला, कडा सारख्या केल्या आणि परत आली.

स्वयंपाकघरात तिने नॅपकिन ओट्यावर उघडला. तुकडा अख्खा होता. दातसुद्धा लागला नव्हता.

"टाक गं ते," मी म्हणाले.

"का? काय वाईट आहे त्यात?"

तिने तो तुकडा उचलून तोंडात घातला आणि उभ्याउभ्या, सावकाश चावून खाल्ला.

"मिठाला बरोबर झालाय," ती म्हणाली. आणि सूप वाढायला घेतलं.