आठवड्याच्या मधली सुट्टी

प्रतिवेदकाने वहीत 'हशा' असं लिहून त्याभोवती कंस टाकला आणि पेन्सिल पुन्हा ओळीवर आणली. मंत्री सांगत होते, की बुधवारी एक दिवस सुट्टी मिळून माणूस करतो काय, तर दुपारपर्यंत लोळतो आणि संध्याकाळी उद्याच्या कामाची धास्ती घेतो. सभागृह पुन्हा हसलं. दुसरा कंस. आठवड्याच्या अधेमधे येणाऱ्या साऱ्या सरकारी सुट्ट्या यापुढे लगतच्या सोमवारी पाळाव्यात, एवढंच ते विधेयक होतं, दीड पानाचं. सलग तीन दिवस मोकळे मिळणार म्हटल्यावर त्याला कोण कशाला नाक मुरडेल?

व्यासपीठाखालच्या टेबलाशी बसायचं, बोललं जाईल ते अक्षरन् अक्षर लघुलिपीत उतरवायचं, दहा मिनिटं झाली की दुसऱ्याला जागा द्यायची आणि खोलीत जाऊन ते टंकून काढायचं. एकोणीस वर्षं तो हेच करत आला होता. प्रतिवेदकाला कान असतात, हात असतात, तोंड नसतं, असं तो नव्याने नोकरीला लागलेल्यांना हसत हसत सांगायचा. आज ती गंमत त्याच्याच अंगाशी आली होती.

त्याची लेक अकरा वर्षांची होती आणि याच शहरात शाळेच्या वसतिगृहात राहायची. घटस्फोटाच्या वेळी न्यायालयाने मोठी समजूतदार वाटणी करून दिली होती. आईचं गाव दूर, म्हणून शनिवार-रविवार आणि त्यांना जोडून येणारी सुट्टी आईकडे. मोठ्या सुट्ट्याही तिच्याच. बापाचं घर वसतिगृहापासून बसने चार थांब्यांवर, म्हणून आठवड्याच्या मधली एका दिवसाची सुट्टी बापाकडे. अशा सुट्ट्या वर्षाला आठ-नऊ यायच्या आणि तेवढ्यावर तो वर्ष काढायचा. लेक यायची, दारातच मोजे भिरकावायची, त्याच्या वह्या उघडून त्या वेड्यावाकड्या खुणांचा अर्थ विचारत बसायची. संध्याकाळी तिला सोडून आला, की ते मोजेबिजे तो दोन दिवस उचलायचा नाही.

आता सगळ्या सुट्ट्या रविवारला जोडून येणार होत्या. म्हणजे सगळ्या आईच्या.

विधेयकाची प्रत हाती पडली त्याच दिवशी त्याने वकिलांना फोन केला होता. वकील म्हणाले, अर्ज करू की, पण तारखा पडता पडता तीन-चार वर्षं सहज जातील, आणि तोवर मुलगी स्वतःच ठरवण्याइतकी मोठी होईल. मग तो लेकीच्या आईशी बोलला. ती काही वाईट बाई नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि ठरलंय तसंच राहू दे, पुन्हा ते उकरून काढायला नको, एवढंच म्हणाली. भांडावं तरी कुणाशी, हेच त्याला कळेना. त्याच्या वाईटावर कुणी टपलेलंही नव्हतं.

अध्यक्षांनी विधेयक मताला टाकलं.

"अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं."

सभागृह एका सुरात 'होय' म्हणालं.

"प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावं."

क्षणभर सगळं चिडीचूप झालं आणि तेवढ्यात त्याला ते ऐकू आलं. कुणीतरी 'नाही' म्हणालं होतं. हाताने सवयीने टिपून घेतलं. त्याने मान वर करून पाहिलं, तर सदस्य आपापले कागद आवरत होते. अध्यक्षांच्या कानावर बहुधा ते गेलंच नसावं. विधेयक एकमताने संमत झाल्याचं सांगून ते पुढच्या विषयाकडे वळलेही.

खोलीत येऊन टंकताना त्याला बरं वाटत होतं, अगदी मनापासून बरं. इतक्या माणसांत एकाला तरी हे पटलं नव्हतं. कोण असेल? मागच्या बाकावरचे ते अबोल, म्हातारे सदस्य? त्यांचंही कुणी असेल दूर, मधल्याच एखाद्या दिवशी भेटणारं. कधी समोर आले तर त्यांना चहाला न्यावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. त्याने टंकलं, 'एक सदस्य : नाही.'

तासाभराने मुख्य प्रतिवेदक बाई ते पान घेऊन आल्या.

"हे कोण म्हणालं?"

"दिसलं नाही, मॅडम. पण स्पष्ट ऐकू आलं."

बाई वाद घालत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी त्याच्याच संगणकावर सभागृहाचं ध्वनिमुद्रण लावलं. अध्यक्षांचा आवाज आला, होयचा गलका आला, मग तो दुसरा प्रश्न. आणि मग ते 'नाही'. प्रतिवेदकांच्या टेबलावरच्या माइकने अगदी जवळून पकडलेलं, हलक्या आवाजातलं, घरात कुणाला समजावताना म्हणावं तसं.

बाईंनी ते पुन्हा लावलं नाही. इतकी वर्षं त्या याच माणसाच्या शेजारी बसून काम करत आल्या होत्या.

"सदस्य नसलेल्यांचं बोलणं आपण नोंदवत नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"हो."

"दुसऱ्या कुणाला करायला सांगू का?"

"नको. पान माझं आहे."

त्याने ती ओळ काढून टाकली. खालचं वाक्य एक ओळ वर सरकलं, 'विधेयक एकमताने संमत झाले.' त्याने पान पहिल्यापासून नीट वाचून काढलं. चूक कुठे नव्हती. मग ते छापून घेतलं आणि खाली सही केली.