नवी घोंगडी

सुगंधाने घोंगडीतून पाय बाहेर काढला, पोटरी कराकरा खाजवली आणि पाय गुपचूप आत घेतला. लगेच मान खाजू लागली. शेजारी नवरा, सोनाजी, आपल्या चादरीत ढाराढूर झोपला होता.

घोंगडी सासऱ्यांनी पिशोरहून आणली होती, घरच्या मेंढरांच्या लोकरीची, खास सुनेसाठी विणून घेतलेली. चिंचोक्यांची खळ दिलेली नवीकोरी घोंगडी, ती टोचणारच! पण सांगायचं कसं? सासूबाई गेल्यापासून सासरे, मुंजाबा, गावी एकटेच असत. शहरात, उस्मानपुऱ्यात लेकाकडे यायचे, दोन रात्री राहायचे की मेंढरांचं निमित्त सांगून निघायचे. या खेपेला त्यांना ठेवूनच घ्यायचं, असं सुगंधाने ठरवलं होतं. त्यांच्यासाठी नेहमीसारखं घरातलं सगळ्यात भारी मखमली ब्लँकेट काढलं होतं. तरी ते सकाळी निघणारच होते. आता घोंगडीला नावं ठेवली तर म्हातारा कसला थांबतोय!

शेवटी ती तेल आणायला उठली. स्वयंपाकघरात दिवा होता. मुंजाबा दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे होते.

"मामा, काय झालं?"

ते दचकले. "काय नाय. पाणी प्यायला उठलो."

हातात मात्र गोठलेल्या खोबरेलाची बाटली होती. तिच्या मानेवरचे ओरखडे पाहून त्यांनी विचारलं, "घोंगडी टोचती व्हय गं?"

"अन् तुमाला ब्लँकेट?"

"लई! दर खेपेला तेच. अंग खाजतं, कूस बदलली की चटचट वाजतं. पर तू एवढ्या हौसेनं देती, म्हणून गप बसायचो."

सुगंधाला हसू आवरेना. मुंजाबाही हसले.

"चूक माझीच. नवी घोंगडी आधी म्हाताऱ्यानं पांघरून मोडायची, मऊ करायची, मंग सुनेला द्यायची. पर म्हणलं, सुनेला वापरलेलं कसं द्यावं?"

तेल गरम करून दोघांनी आपापल्या अंगाला चोळलं. सुगंधाने घोंगडी आणून त्यांच्या अंथरुणावर टाकली.

"मऊ व्हायला किती दिवस लागत्यात?"

"दिवस? दोन हिवाळं तरी लागत्यात."

"मंग इथंच राहून मोडून द्या. मला मऊच पायजे."

मुंजाबा अंथरुणावर आडवे झाले. त्यांनी घोंगडी हनुवटीपर्यंत ओढली.

सकाळी पिशोरची पहिली गाडी कधीच निघून गेली होती. बाहेरच्या खोलीतून मुंजाबांचं घोरणं ऐकू येत होतं. सुगंधाने चहाचं आधण उतरवून ठेवलं आणि भांडी आवाज न करता लावायला घेतली.