चिंचेखालचं रडणं

भुतांवर माझं पोट चालतं. हर्षदच्या यूट्यूब चॅनेलसाठी मी पछाडलेल्या जागांच्या स्क्रिप्ट लिहिते आणि त्यासाठी दिंडोशीच्या घरातून पाऊलसुद्धा बाहेर टाकावं लागत नाही. मॅपवरचे रिव्ह्यू, चार ब्लॉग, एखादा जुना फोरम, झालं काम. चारही ब्लॉग एकमेकांची नक्कल असतात, पण बघणाऱ्यांना त्याचं काय!

जानेवारीत वाकोल्याकडच्या एका जुन्या स्मशानभूमीवर व्हिडिओ करायचा होता. शोधून शोधून डोळे दुखले. सापडलं काय, तर "तिथे गेलं की कसंतरी होतं". कसंतरी मला रिक्षातही होतं. शेवटी एक ओळ मी पदरची घातली: भर दुपारी चिंचेखाली तान्हं बाळ रडतं. व्हिडिओ तुफान चालला. गंमत म्हणजे खाली शेकडो लोकांनी लिहिलं, "मी पण ऐकलंय." मी आणि हर्षद पोट धरून हसलो.

मार्चपर्यंत कमेंट बदलल्या. चिंचेखाली एक बाई येऊन बसते म्हणे, कोणाशी बोलत नाही. एकाने लांबून काढलेला फोटोही टाकला होता. मी तो मोठा करून पाहिला. ती माझी आई होती.

मंगळवारी दुपारी ती भजनाला म्हणून घरातून निघायची. त्या मंगळवारी मी तिच्या मागोमाग वाकोल्याला गेले. ती चिंचेच्या बुंध्याशी बसली होती आणि पुढ्यात वाटी-चमचा होता. वाटीत दूध होतं.

"आई, हे काय चाललंय?"

"तूच तुझ्या व्हिडिओत दाखवलंस ना, तो रडतो म्हणून."

माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता आणि दहा दिवसांत गेला, एवढंच मला माहीत होतं. तेव्हा आई-बाबा वाकोल्यालाच राहायचे. तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात, आणि आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. बाबा आणि दत्ताराम काका त्याला घेऊन इथे आले आणि रिकाम्या हातांनी परत गेले. नेमकं कुठे ठेवलं, ते बाबांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. आईनेही विचारलं नसावं.

"चौतीस वर्षांनी जागा कळली," ती म्हणाली. "पण एवढ्या लोकांना ऐकू येतो, मलाच येत नाही गो. रागावलाय माझ्यावर. दूध कमी होतं ना मला. अर्धपोटीच असायचा."

मला माझीच किळस आली. गप्प राहावं, असंही वाटलं. तिला बसायला जागा तरी मिळाली होती. पण मग दर मंगळवारी तिचं बाळ उपाशी रडतच राहणार होतं.

"आई, ते रडणं मी बनवलं. चिंचेखालची जागासुद्धा. मॅपवरच्या फोटोत झाड दिसलं म्हणून ठोकून दिलं."

"आणि ती ऐकणारी लोकं?"

"थापा मारतात."

ती मातीकडे बघत राहिली. ही जागा त्याची नाही, हे तिच्या ध्यानात येत होतं आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"म्हणजे तो रडत नाही?"

"नाही गं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. "इथे येऊन बसायचे, पण हाक काय मारायची तेच कळायचं नाही. बारशाच्या आधीच गेला ना. म्हणून तुझ्या वेळी मी बाराव्या दिवसापर्यंत थांबलेच नाही. तुला पहिल्यांदा कुशीत दिली, तेव्हाच कोणाला न विचारता तुझ्या कानात जान्हवी म्हटलं. म्हटलं, हीसुद्धा गेली तर हाक मारायला नाव तरी असू दे."