हाय म्हटलं की नमस्कार

अनुजाच्या अहवालावर फक्त सही करायची राहिली होती. कामगारांना नवं काम कसं शिकवावं यावर ती पुण्यात अकरा वर्षं संशोधन करत होती, आणि तिनं घडवलेलं बोलकं ॲप शिरोलीच्या एका फाउंड्रीत सपशेल आपटलं होतं. तीन आठवडे झाले, बावीस बायका शिकत होत्या, आणि दुसऱ्या धड्याच्या पुढे एकही गेली नव्हती. अहवालात तिनं लिहिलं होतं, 'शिकणाऱ्यांची तयारी अपुरी.' असली वाक्यं एसीत बसूनच सुचतात.

या बायका कोअर बनवायच्या. कोअर म्हणजे धातू ओतून केलेल्या भागाच्या पोटात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा. त्याला तडा असला किंवा तो ओला राहिला, तर माल भंगारात जातो. म्हणून तपासायला माणूस लागतं. ॲपची परीक्षा पास होतील त्या बायका बसून कोअर तपासणार होत्या. नाहीतर त्या जागी बाहेरची माणसं येणार आणि यांनी पुन्हा वाळूच्या पाट्या उचलायच्या. मुदत शनिवारची होती आणि आज शुक्रवार उजाडला होता.

"मॅडम, सही करा आणि मोकळ्या व्हा," ट्रेनिंगचे धैर्यशील साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. "त्यांच्याच्यानं हुईत न्हाय. पाट्या उचलाय वाघिणी हायत, पर अभ्यास म्हंजे..."

"एकदा शेजारी बसून बघते."

हे आपण पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं, हे अनुजाला ठाऊक होतं. त्यामुळे ती जरा अपराध्यासारखीच आत गेली.

तानाबाई सगळ्यांत जुनी, पन्नाशी ओलांडलेली. गुडघ्याला पट्टा बांधलेला. पाट्या उचलून उचलून तो गुडघा कामातून गेला होता, आणि बसायचं काम मिळावं म्हणून तिनं जोतिबाला नारळ बोललेला होता. तिनं पदरानं बाकडं पुसलं. "बसा की म्याडम."

हात वाळूनं भरलेले असतात म्हणून टॅबवरचं ॲप आवाजावर चालायचं. पहिला धडा नुसता ऐकायचा. तानाबाईनं तो ऐकला कसला, टॅबच्या बरोबरीनं आरतीसारखा म्हटला. मग दुसरा धडा लागला.

"ओला कोअर साच्यात ठेवावा का?" टॅबनं विचारलं.

"न्हाय."

"बरोबर." पडद्यावर कोअरचं चित्र आलं. "या कोअरला तडा आहे का?"

तडा केसाएवढा होता. अनुजाला तो शोधायला वेळ लागला, तानाबाईला नाही.

"हाय," ती ठणकावून म्हणाली.

"नमस्कार!" टॅब आनंदानं म्हणाला. "आपलं स्वागत आहे. चला, पहिल्या धड्यापासून सुरुवात करू या."

तानाबाईनं वाळूचे हात जोडले, "नमस्कार बाई," म्हणाली आणि पहिला धडा पुन्हा सुरू केला.

"थांबा, थांबा! हे रोज असं होतं?"

"व्हय की. लई वळणाचं हाय बगा. दरवेळी नमस्कार घालतंय. मग आमी बी घालतोय."

"अहो, मग कुणाला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? शिकवणारं म्हणतंय पुन्यांदा, तर पुन्यांदा. मला वाटलं, माजंच चुकतंय."

हे शेवटचं वाक्य अनुजाला झोंबलं. ती मूळची इकडचीच, शिरोळची. पुण्याच्या हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, "जेवण हाय का?" आणि पोरींनी एका सुरात उत्तर दिलं होतं, "हॅलो!" वर्षभर ती चेष्टा चालली. सहा महिने आरशासमोर उभं राहून तिनं तो शब्द जिभेवरून घालवला होता. इतका घालवला, की ॲपसाठी शब्दांच्या याद्या करताना 'हो, होय, आहे' तिनं उत्तरांत टाकले आणि 'हाय' टाकला 'हॅलो'च्या शेजारी, स्वागताच्या यादीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही पुण्यामार्गे.

ती आधी हसली, मग तिचे डोळे भरले, मग पुन्हा हसली. अपयश एवढ्या एका शब्दाचं होतं! बावीस बायकांत काही खोट नव्हती. छातीवरचा धोंडा उतरल्यावर माणसाला नाचावंसं वाटतं, पण फाउंड्रीत नाचायला जागा नसते, म्हणून तिनं लॅपटॉप उघडला. एका यादीतला शब्द दुसऱ्या यादीत न्यायला चार मिनिटं लागली.

तानाबाईनं उरलेले धडे भराभर उरकले आणि परीक्षा दिली. वीसपैकी एकोणीस. "ओला कोअर ओळखू येतो का?" याला ती म्हणाली होती, "बगून न्हाय, हात लावला की कळतंय," आणि ते ॲपला झेपलं नाही. धैर्यशील साहेबांचा विश्वास बसेना. त्यांनी सहा खरे कोअर आणून मांडले. तानाबाईनं एकेकावर तळवा ठेवला आणि चौथा बाजूला सरकवला. तो फोडला तर आतून ओला निघाला.

"आयला!" साहेब म्हणाले आणि स्वतःच बाकीच्यांना हाका मारायला गेले. दुपारपर्यंत एकोणीस जणी पास झाल्या. उरलेल्या तिघी उद्या पुन्हा बसणार होत्या.

अनुजानं अहवालातलं ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'ऐकणाऱ्याची तयारी अपुरी होती. चूक माझी.' अकरा वर्षांत इतक्या सुखानं तिनं कशावरच सही केली नव्हती.

"म्याडम, तुमी कुटल्या म्हनायच्या?" तानाबाईनं विचारलं.

"शिरोळची."

"आं? मग 'हाय' तुमाला ठावं न्हवतं?"

"ठावं होतं की," अनुजा म्हणाली, आणि इकडच्या बायका बोलतात तसं पुरुषी वळण आपसूक तिच्या तोंडात आलं. "इसरलोतो."

तानाबाई खदखदून हसली आणि थर्मासकडे वळली.

"मावशी, च्या हाय का?" अनुजानं मागून हाक दिली.

"हाय!"

"बरोबर," बाकड्यावरचा टॅब म्हणाला. "आता पुढचा प्रश्न."