पाणी गोडं की खारं

अंगणात माणसं चार होती, माड नऊ, खारी झालेली विहीर एक आणि पाणाड्या सत्यवानकाकांच्या तळहातावर आडवा ठेवलेला सोललेला नारळ एक. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो, असं काका म्हणत. मी रसायनशास्त्र शिकलेली. माझा विश्वास नव्हता.

नारळ सगळ्या आवारात आडवाच राहिला आणि पप्पांच्या खुर्चीजवळ येताच ताठ उभा झाला. मम्माने पप्पांसकट खुर्ची फणसाखाली नेली. नारळ फणसाखाली उभा राहिला. मग गोठ्याजवळ नेली, तर तिथेही.

पप्पांचं यकृत कडक झालं होतं. त्यातून रक्त नीट जाईना, शिरेतला दाब वाढला आणि पोटात पाणी साचलं. लघवीच्या गोळ्या चालू होत्या, मीठ बंद करायला सांगितलं होतं, पण पप्पा सुका बांगडा सोडत नव्हते. त्यात कालपासून ताप. पाण्यात जंतू गेले असतील तर जिवावर बेतेल, आजच सुईने काढून तपासू, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं. पप्पांच्या मते सोनोग्राफीचं मशीन खोटं होतं आणि पोटात नुसता वारा होता.

सत्यवानकाकांनी विहिरीच्या जागेवर ठोकायची खुंटी उचलली, पोटाकडे पाहिलं आणि पाणी इथेच आहे, फार खोलही नाही, असं जाहीर केलं.

"मगे विहीर खंय खणतलस रे?" पप्पांनी विचारलं.

"तुमी आधी उठा."

पप्पा उठून पायरीपर्यंत गेले. नारळ त्यांच्या मागोमाग उभाच. घरची विहीर याच काकांच्या नारळाने दाखवली होती. त्याला खोटं म्हणणं त्यांना जमेना.

"गोडां काय खारां?"

"तां काढल्याबगर कसां कळतलां?"

पप्पा रिक्षात बसले. काकाही नारळ घेऊन बसले, कारण उत्तर त्यांनाही हवं होतं.

डॉक्टरांनी पोटाची डावी बाजू बधिर करून सुई घातली. पिवळसर पाणी नळीतून बाटलीत उतरू लागलं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, मायक्रोलिटरला अडीचशे किंवा जास्त निघाल्या तर संसर्ग समजायचा, असं त्यांनी मला सांगितलं. पप्पांनी त्यांनाही गोडं की खारं ते विचारलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर मिठातल्या सोडियमची तपासणीही लिहिली. दाराशी काकांच्या हातातला नारळ हळूहळू कलला.

संध्याकाळी निकाल आला. काढलेलं पाणी चार लिटर आठशे मिली. न्यूट्रोफिल, मायक्रोलिटरला नव्वद. सोडियम, लिटरला एकशे एकतीस मिलीमोल: खारं.