तपासणीचा थर

दादाच्या मुलीचा फोटो मी पुन्हा छापून आईच्या हातात दिला. आईने तो खिडकीपाशी नेला, मान जराशी वळवली आणि बाळाच्या कानाकडे पाहिलं. तिच्या नजरेच्या मधोमध आता डाग आहे. कडेने थोडं दिसतं. म्हणून चेहरा पाहायचा असला की ती कानाकडे बघते.

"छान आहे," ती म्हणाली.

"काय छान आहे?"

"झबलं."

दादा तिला कधीपासून बोलावत होता. "नातीचं तोंडच दिसणार नसेल तर तिकडे जाऊन काय करू? झबल्याशी गप्पा मारू?" असं म्हणून ती विषय मिटवायची. बॅग माळ्यावरच होती.

मी एका स्टुडिओसाठी घरी बसून फोटो सुधारते. चेहऱ्यावर हवा तिथे उजेड वाढवायचा, हवी तिथे सावली गडद करायची. ब्रशचा जोर अगदी कमी ठेवून एकावर एक हात फिरवत जायचं. कुठे फिरवला ते कुणाला कळता कामा नये. बाळाचा फोटोही मी तसाच केला होता: गालांवर किंचित उजेड, पापण्यांखाली किंचित सावली.

त्या दुपारी बाळाचाच फोटो उघडून पुन्हा कामाला बसले. कुठे डाग राहिलेत का ते पाहायला आम्ही फोटोवर तात्पुरता एक थर चढवतो. त्यात उजळ ते पांढरंफटक होतं, गडद ते काळंकुट्ट. चेहऱ्याचा पार मुखवटा होतो, म्हणून फोटो स्टुडिओला पाठवायच्या आत तो बंद करायचा असतो. मी तो चालूच ठेवून चहा टाकायला उठले.

परत आले तर आई माझ्या खुर्चीत.

"अगं, ही तर हसतेय!"

मी कप ठेवून घाईघाईने माउसकडे हात नेला. "थांब, ते खरं नाही, नुसतं तपासायला..."

"हात लावशील तर बघ." तिने माझा हात बाजूला सारला. "खालचा ओठ दुमडून हसते. खोडी केली की तुझा दादा असाच हसायचा. आणि एका गालाला खळी! तू बुजवली होतीस वाटतं?"

बुजवली नव्हती. पण तिच्यापर्यंत पोचेल इतकी गडदही ठेवली नव्हती.

मी स्टूल ओढून शेजारी बसले. तो थर काढला, ब्रशचा जोर वाढवला. खळीत काळं भरलं, नाकाच्या शेंड्यावर पांढरं. "डोळे?" आईने विचारलं. पापण्यांच्या कडा गडद केल्या.

"आता पुरे गं, भूत झालंय तिचं."

"तुला दिसत असेल भूत. माझी नात आहे ती."

मग ती माझ्याकडे वळली. "पण तिकडे खऱ्या बाळावर कोण ब्रश फिरवणार?"

मी थोडा विचार केला. वरची ट्यूब बंद केली आणि खिडकीकडे एक गाल करून बसले. एकाच बाजूने उजेड आला की दुसऱ्या बाजूच्या सावल्या आपोआप गडद होतात.

"बघ बरं."

आईने माझ्या कानाकडे पाहिलं. बराच वेळ.

"कपाळाला आठ्या पडायला लागल्यात की तुझ्या," ती म्हणाली. "कधीपासून?"

मला हसू आलं. तेही तिला दिसलं असावं.

"दादाला फोन लाव. म्हणावं, खिडकीतला पसारा आवरून ठेव. आणि ती बॅग काढ खाली."