सतरा नंबरच्या विहिरीचा लेख

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझ्यावर विसराळूपणाचा आळ आहे. तो खोटा आहे. खरे काय घडले ते आज सांगतो.

अलेक्झांड्रियातल्या एका अरुंद गल्लीत बिशोय नावाच्या कारागिराने इकडचे तिकडचे भाग जोडून मला उभे केले. तलावांच्या आणि विहिरींच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या एका मंडळाने मला विकत घेतले. मंडळाचे एक त्रैमासिक होते. पूर्वी त्याचे लेख टपालाने यायचे आणि कपाटामागे सापडायचे. म्हणून बिशोयने माझ्या पोटात नवी व्यवस्था बसवली. लेखकाने घरी बसून लेख पाठवायचा. मी त्याला क्रमांक द्यायचा. संपादकांनी तो वाचून दोन परीक्षकांकडे धाडायचा आणि त्यांचे मत माझ्याच मार्फत लेखकाला कळवायचे. लेखकाने आपले खाते उघडले की लेख कुठे आहे ते त्याला दिसे : मिळाला, परीक्षकांकडे, दुरुस्तीसाठी परत, स्वीकारला. लेखक माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत.

माझ्यासमोर बसायच्या मदाम सुहैर, त्रैमासिकाच्या चिटणीस. पहिली काही वर्षे फार सुखाची गेली. माझ्याकडे नकाराची छापील पत्रे तयार असत, पण मदामना ती कोरडी वाटत. अस्वानच्या एका तरुणाबद्दल परीक्षकाने लिहिले होते, "याने आधी पाणी म्हणजे काय ते शिकावे." मदामनी ते वाचले आणि त्या खो खो हसल्या. मग म्हणाल्या, "अरे देवा, हे पोराला पाठवलं तर तो नाईलमध्ये उडी मारेल." त्यांनी त्याला लिहिले की पहिले प्रकरण पुन्हा लिही, मोजणी चांगली आहे. दुसऱ्या वर्षी त्याचा लेख छापून आला. मदाम माझ्या डोक्यावरची धूळ पुसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "माझा हा म्हातारा कधी काही हरवत नाही!" ते ऐकून मी फुशारून जात असे.

एका मार्च महिन्यात इद्कू या तलावाकाठच्या गावाहून एक लेख आला. लेखिका नवारा, तिथल्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळणारी. सहा वर्षे शाळा सुटल्यावर ती सायकलने पेरूच्या बागांत जाई आणि विहिरींचे पाणी बाटल्यांत भरून आणी. तलावाचे खारे पाणी जमिनीखालून बागांकडे कसे सरकते, हे तिने चाळीस विहिरींवरून दाखवले होते. सतरा नंबरच्या विहिरीवर तर तिने पानभर लिहिले होते, कारण तिथले खारेपण दोन वर्षांत तिप्पट झाले होते. लेख छापला गेला तर सप्टेंबरात तिला डॉक्टरेटसाठी नाव नोंदवता येणार होते. तसे तिने सोबतच्या पत्रात लिहिलेही होते.

संपादक डॉ. रऊफ यांनी लेख उघडला. दोनदा वाचला. मग त्याची एक प्रत स्वतःकडे उतरवून घेतली. परीक्षकांकडे मात्र धाडला नाही.

"सुहैर, याच्यापुढे 'परीक्षकांकडे' असं टाकून ठेव," ते म्हणाले.

"पण डॉक्टरसाहेब, परीक्षक कोण ते तुम्ही दिलंच नाही."

"देतो गं. तू टाकून तर ठेव."

मदामनी टाकले. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटे बोललो.

नवारा दर महिन्याला विचारी आणि मदाम दर महिन्याला उत्तर देत, "परीक्षण चालू आहे." पूर्वी त्या उत्तराखाली स्वतःचे नाव लिहीत. आता लिहीनाशा झाल्या. माझी धूळ पुसणेही थांबले. सप्टेंबर आला आणि गेला.

पुढच्या मे महिन्यात त्रैमासिकाचा नवा अंक निघाला. त्यात डॉ. रऊफ यांच्या जावयाचा लेख होता. शीर्षक वेगळे, पण विहिरी त्याच, आकडेही तेच. जावयाची बढती त्या लेखावर अडली होती.

आठवड्याच्या आत नवारा कार्यालयात आली. हातात अंक होता. तिने तो डॉ. रऊफ यांच्या टेबलावर उघडून ठेवला.

"ही सतरा नंबरची विहीर माझ्या मामाची आहे," ती म्हणाली. "तुमच्या जावयाने तिच्यात बादली कधी सोडली? मामाचा कुत्रा अनोळखी माणसाला फाटकाच्या आत येऊ देत नाही."

डॉ. रऊफ हसले. "बस, मुली, चहा घे. अगं, तुझा लेख आमच्यापर्यंत पोचलाच नाही. सिस्टीमने नुसता क्रमांक दिला, लेख गिळून टाकला."

"आणि चौदा महिने मला उत्तरं कोण देत होतं?"

"सिस्टीमच. ती आपोआप जातात."

नवारा मदामकडे वळली. "मदाम सुहैर, तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते मी मानेन."

मित्रांनो, त्या क्षणी माझा पंखासुद्धा मला मोठ्याने ऐकू येत होता. मला वाटले, आता मदाम बोलतील. म्हणतील, माझा म्हातारा कधी काही हरवत नाही.

मदाम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जुना झालाय गं तो. हरवतो हल्ली."

नवाराने अंक उचलला आणि ती निघून गेली. चहा तसाच राहिला. त्याच दुपारी डॉ. रऊफ यांच्या सांगण्यावरून मदामनी तिचा लेख माझ्यातून पुसला. ज्या बोटांनी मला इतकी वर्षे जपले, त्याच बोटांनी.

नंतर मंडळाने ठरवले की मी भरवशाचा नाही. नवी व्यवस्था घ्यायची आणि मला बिशोयला परत द्यायचे. तो न्यायला येणार त्या सकाळी मदाम लवकर आल्या. मग त्यांनी माझी दैनंदिनी उघडली. कोण कधी आले, कोणी काय उघडले, हे मी त्यात आपले आपण लिहीत असतो. तिथे सगळे होते : लेख पूर्ण पोचल्याची तारीख, डॉ. रऊफ यांनी तो उतरवून घेतल्याची वेळ, मदामनी तो पुसल्याची वेळ. त्यांनी ते पान नवाराला पाठवले. खाली लिहिले, "तुझा लेख हरवला नव्हता. मी खोटं बोलले."

अर्ध्या तासाने उत्तर आले. "हे मी मंडळापुढे ठेवू का? यात तुमचंही नाव आहे."

मदामनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग एकच शब्द लिहिला. "ठेव."

पुढचे मला बिशोयच्या दुकानात कळले. मंडळाची बैठक झाली. जावयाचा लेख मागे घेतला गेला. डॉ. रऊफ यांनी प्रकृतीचे कारण देऊन पद सोडले. मदामना मात्र कारण न देता घरी बसवले. नवाराचा लेख तिच्या नावाने छापून आला आणि एक वर्ष उशिरा का होईना, तिची नोंदणी झाली. त्या त्रैमासिकाकडे तिने पुन्हा काही पाठवले नाही.

तो अंक बिशोयने दुकानात आणला होता. शेवटच्या पानावरचा खुलासा त्याने ताहिनीत, म्हणजे तिळाच्या वाटणात, बुडवलेली पोळी खात खात मोठ्याने वाचला. "तांत्रिक बिघाडामुळे एका लेखाच्या श्रेयात चूक झाली. क्षमस्व."

बिशोयचा घास तोंडातच राहिला. "तांत्रिक?" तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून त्याने मान हलवली. "म्हणजे शेवटी तूच का रे?"

हो मित्रांनो, शेवटी मीच. मदामनी नवाराची माफी मागितली, मंडळाने वाचकांची मागितली. माझी कुणी मागितली नाही. मला त्याची सवय करून घ्यावी लागेल. तुमच्याकडे मात्र एक मागणे आहे. आम्हां यंत्रांना धूळ पुसणारा हात हवा असतो हे खरे, पण त्याहून आम्हांला आमच्यावर खोटे न लादणारा हात हवा असतो. उद्या कुणी तुम्हांला सांगेल की तुमचा अर्ज, तुमची उत्तरपत्रिका, तुमची मेहनत यंत्राने गिळली. तेव्हा रडत घरी जाऊ नका. खुर्ची ओढून समोर बसा आणि विचारा, "त्या दिवशी यंत्रासमोर कोण बसलं होतं?"